पीएच.डी. करताना अडलात तर कोणाकडे, काय घेऊन जायचं

पीएच.डी.चा विद्यार्थी अडचणीत आला की बहुधा दोनच माणसांना सांगतो, रूममेटला आणि गाईडला. रूममेटच्या हातात काही नसतं. गाईडच्या हातातही आपल्याला वाटतं त्याहून बरंच कमी असतं. थकलेली फेलोशिप, संपत आलेली मुदत, होस्टेलची खोली, औषधोपचार, परीक्षेतली सवलत यांचे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होतात, आणि ही टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत. अडचण खुद्द गाईडचीच असेल तर मग सगळंच तुंबतं.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि त्यांच्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांत पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहे. एम.ए., एम.एस्सी.वाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी अडचणीचे तुकडे करा

"मला आता हे झेपत नाही" हे खरं असतं, पण त्यावर कोणत्याही खिडकीत शिक्का मारून मिळत नाही. समजा, चार महिने फेलोशिप आलेली नाही, मेसचं बिल थकलंय, रात्री झोप लागत नाही आणि दोन आठवड्यांवर आरएसी (तुमची प्रगती पाहणाऱ्या संशोधन सल्लागार समितीची बैठक) येऊन ठेपली आहे. ही एक अडचण वाटते, पण तिला चार दारं आहेत. फेलोशिपसाठी विभागातलं किंवा विद्यापीठातलं शिष्यवृत्तीचं टेबल, मेससाठी होस्टेलचे रेक्टर, झोपेसाठी आरोग्य केंद्र किंवा समुपदेशक, आणि आरएसीसाठी विभागप्रमुख. एका कागदावर चारही ओळी लिहा आणि प्रत्येकीसमोर तारीख टाका: हे कधीपर्यंत सुटलं नाही तर नुकसान होईल? सर्वांत जवळची तारीख ज्या ओळीसमोर आहे तिथून सुरुवात करा. एक सूट मात्र ठेवा. झोप, जेवण किंवा जिवाचा प्रश्न असेल तर तारीख न पाहता ती ओळ पहिली.

दुसरं काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. एक फाईल करा. प्रवेशाचं पत्र, नोंदणीची तारीख दाखवणारं पत्र, विषय मंजुरीचं पत्र, प्रत्येक सहामाही प्रगती अहवालाची प्रत, आरएसीचं इतिवृत्त, फेलोशिपचं अवॉर्ड लेटर आणि फीच्या सगळ्या पावत्या त्यात हव्यात. फीची पावती एकदा नीट वाचा. विमा, आरोग्य, विद्यार्थी कल्याण, ग्रंथालय अशा ओळींपुढे रकमा असतात. ज्या ओळीचे पैसे तुम्ही भरलेत ती सोय मागताना ओशाळण्याचं कारण नाही. विमा उतरवलेला असेल तर पॉलिसी कोणत्या कंपनीची, त्यात काय येतं, दावा किती दिवसांत करायचा, हे दवाखान्यात पडण्याआधी विचारून ठेवा.

अर्ज कसा द्यायचा

तोंडी सांगितलेलं विद्यापीठात झालेलं नसतं. "सर म्हणाले होते" याला फाईलमध्ये जागा नाही. म्हणून अर्ज दोन प्रतींत न्यायचा, एक आवक-जावकच्या टेबलावर द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. क्रमांक हाताने लिहून देतात, तो तिथेच वाचता येतोय का पाहा. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर गेलात तर "ठेवून जा" असं ऐकावं लागेल. ठेवून जाऊ नका. सकाळी साडेअकराच्या सुमाराला जा.

बहुतेक अर्ज "मार्फत" जातात, म्हणजे गाईड आणि विभागप्रमुखांच्या सहीने पुढे. अर्ज नेमका इथेच अडकतो. सरकारी कामकाजात यावर जुना उपाय आहे: मूळ अर्ज मार्फत द्या आणि त्याचीच एक "आगाऊ प्रत" थेट पीएच.डी. विभागाकडे आवक करून टाका. प्रतीवर वरच्या बाजूला "आगाऊ प्रत माहितीस्तव सादर" एवढं लिहिलं की पुरे. यात कुणाचा अपमान होत नाही, ही रूढ पद्धत आहे.

मजकूर छोटा ठेवा. उदाहरणार्थ (यातलं कन्फर्मेशन म्हणजे तुम्ही काम करताय असं संस्थेने पोर्टलवर कळवणं):

"विषय: माहे जून ते सप्टेंबरची फेलोशिप प्रलंबित असल्याबाबत. महोदया, मी आपल्या विभागात नोंदणीकृत संशोधक विद्यार्थी असून माझी नोंदणी दि. … रोजी झाली आहे. वरील चार महिन्यांचे कन्फर्मेशन झाले आहे किंवा कसे, याची लेखी माहिती मिळावी, तसेच प्रलंबित असल्यास ते करून मिळावे ही विनंती. सोबत अवॉर्ड लेटरची प्रत जोडली आहे."

रडगाणं नको, धमकीही नको. एका अर्जात एकच मागणी. दोन मागण्या असल्या की सोपी मंजूर होते आणि अवघड विसरली जाते.

पैसा

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि एसआरएफची (सीनियर रिसर्च फेलोशिप) ४२,०००. घरभाडं आणि कंटिन्जन्सी (संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम) वेगळी. हे पैसे आपोआप येत नाहीत. तुमची संस्था दर महिन्याला पोर्टलवर "हा विद्यार्थी काम करतो आहे" असं कळवते. एक कर्मचारी नोंद करतो, तो मेकर. दुसरा अधिकारी ती तपासून पुढे पाठवतो, तो चेकर. दोघांपैकी एक रजेवर गेला, बदलून गेला किंवा पासवर्ड विसरला की त्या संस्थेतल्या सगळ्यांचे पैसे थांबतात. त्यामुळे पैसे आले नाहीत की दिल्लीला मेल पाठवण्याआधी आपल्याच इमारतीत मेकर कोण आणि चेकर कोण ते शोधा. बरेचदा उत्तर तिथेच असतं.

दोन वर्षं झाल्यावर जेआरएफचं एसआरएफ होतं, पण तेही आपसूक नाही. मूल्यमापन समिती बसावी लागते, तिच्यात बाहेरचा तज्ज्ञ असतो आणि कागद पुढे जावे लागतात. समितीची तारीख दोन महिने आधीपासून मागा.

बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींचे, म्हणजे फेलोशिपचे, नमुने वेगळे. प्रगती अहवाल, हजेरी, घरभाड्याचे कागद प्रत्येकाच्या पद्धतीने द्यावे लागतात. तिथे काय राहिलंय ते फोनवर विचारा, पण उत्तर ईमेलवर घ्या.

कसलीच फेलोशिप नसलेल्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. त्यांनी विद्यार्थी विकास मंडळाकडे जावं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी "कमवा आणि शिका" योजना या मंडळामार्फत चालते. तासांवर मिळणारा मोबदला फार नसतो, पण मेसचा खर्च निघतो. अनेक ठिकाणी गरजू विद्यार्थ्यांसाठी वेगळा निधीही असतो. त्याचा गाजावाजा होत नाही, म्हणून विचारावंच लागतं.

एक जोड म्हणून ग्रंथालय. १ जानेवारी २०२५ पासून "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" सुरू झालं आणि सरकारी विद्यापीठांना हजारो नियतकालिकं खुली झाली. घरून लॉगिन करायची सोय ग्रंथालय करून देतं का ते विचारा. गावी राहून लिहिणाऱ्याचं शहरातल्या खोलीचं भाडं त्यामुळे वाचू शकतं.

समुपदेशक आणि दवाखाना

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं त्यात आहे. तेव्हा "आमच्याकडे तशी सोय नाही" असं उत्तर मिळालं तर कधी होणार हे लेखी विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

प्रत्यक्षात चित्र फार असमान आहे. आयआयटी मुंबईत स्टुडंट वेलनेस सेंटर आहे. कित्येक महाविद्यालयीन केंद्रांत मात्र एखाद्या प्राध्यापकांकडेच समुपदेशनाचा अतिरिक्त कार्यभार असतो. माझं स्पष्ट मत: जो माणूस तुमच्या आरएसीवर बसतो किंवा बसू शकतो, त्याच्याकडे समुपदेशनाला जाऊ नका. माणूस कितीही चांगला असला तरी.

पहिल्या भेटीत एक फॉर्म भरून घेतात: नाव, विभाग, झोप, भूक, आधीचे उपचार, घरच्या कुणाचा नंबर. त्यानंतर पाऊण तास बोलणं. बोलायला लागण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुमचं शिक्षण काय? या नोंदी कोण पाहतं? कोणत्या परिस्थितीत तुम्ही माझ्याबद्दल दुसऱ्याला सांगाल? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार आपल्या मानसिक आरोग्याविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. जिवाला धोका दिसला तर त्यांना इतरांना कळवावं लागतं, आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. औषधं लिहून देणं हे मात्र मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम.

पहिल्या भेटीनंतर बरं वाटलंच पाहिजे असं नाही. तीन भेटींनंतरही जमत नसेल तर माणूस बदलून मागा. मराठीत बोलायचं असेल तर तसं आधीच सांगा. प्रबंध इंग्रजीत लिहिणाऱ्यालाही आईशी झालेलं भांडण इंग्रजीत सांगता येत नाही.

कॅम्पसवर कोणी नसेल तर टेली-मानस आहे. क्रमांक १४४१६, किंवा १-८००-८९१-४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल तर एवढं म्हणा: "मी पीएच.डी. करतो, तीन आठवडे झोप नाही, कोणाशी तरी बोलायचं आहे." पुढचं ते विचारतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवाही फोनवरून समुपदेशन करते.

औषधांची गरज आहे आणि खासगी फी परवडत नाही अशा वेळी सरकारी रुग्णालयाची मनोविकार ओपीडी गाठा. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, शीव, जे.जे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, आणि रांग लांब असणार हे धरूनच जायचं. दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात "आरोग्यमित्र" असतो. उपचार योजनेत बसतात का, हे आधी त्याला विचारा.

गाईडशी बिनसलं तर

हा सगळ्यांत नाजूक भाग आहे, आणि इथे घाई केली तर दोन वर्षं जातात.

आधी ठरवा की बिनसलंय म्हणजे काय. सर प्रकरणं वाचतच नाहीत, मॅडम घरची कामं सांगतात, विषयच पटत नाही, की अपमान आणि धमक्या? पहिल्या प्रकारात बरेचदा नुसत्या लेखी वेळापत्रकाने काम होतं. प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल टाका: "आज ठरल्याप्रमाणे प्रकरण दोनचा मसुदा मी १५ तारखेला पाठवतो, आपण महिनाअखेर अभिप्राय देणार आहात." तो नम्र हवा. अशा सहा ईमेलनंतर एक तर प्रकरणं वाचली जातात, किंवा ती वाचली गेली नाहीत याची नोंद तयार होते.

यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार संशोधकाने दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, प्रगती मांडायची असते. बहुतेक जण ती परीक्षा समजतात. खरं तर तुमच्या कामाबद्दल गाईडसोबत आणखी माणसं बोलतील अशी ही एकमेव अधिकृत बैठक. "दोन प्रकरणांवरचा अभिप्राय प्रलंबित आहे" हे वाक्य तिथे शांतपणे म्हणा आणि ते इतिवृत्तात येईल असं पाहा.

बदलच हवा असेल तर क्रम असा. आधी नवा गाईड शोधा. त्याच नियमांत प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, तेव्हा जागा रिकामी आहे ना हे विचारा आणि संमतिपत्र घ्या. मग विभागप्रमुखांशी तोंडी बोला. मग जुन्या गाईडना भेटून सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर ना-हरकत मिळणं अवघड होतं. त्यानंतरच अर्ज. अर्जात स्वभावदोष लिहू नका. विषयाची दिशा, पद्धत, उपलब्धता अशी कामाची कारणं लिहा. ना-हरकत अडवून ठेवली तर तसं नमूद करून अर्ज करा, पोच घ्या आणि पुढच्या पायरीवर जा.

छळ असेल तर यातलं काहीच लागू नाही, त्याचा रस्ता वेगळा आहे. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत करायची. कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. उच्च शिक्षण संस्थांसाठीचे यूजीसीचे २०१५ चे नियम इथे फार उपयोगी आहेत आणि फारसे कोणाला माहीत नाहीत. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असतात. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा पदांवरच्या व्यक्ती समितीवर बसू शकत नाहीत. आणि चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तुमच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून रोखा, अशी मागणी करता येते. तक्रारीसोबतच ही मागणी लिहा. पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही तक्रार करू शकतात.

मुदत, रजा, सवलत

पीएच.डी.ची कमाल मुदत प्रवेशापासून सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. महिला संशोधकांना संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. आजारपण असो की बाळंतपण, अर्ज मुदत संपण्याच्या आत करायचा. संपल्यावर केलेल्या अर्जाला दया मागावी लागते.

अपंगत्वाच्या यादीत २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार आले आणि त्यात मानसिक आजार व अध्ययन अक्षमताही आहेत. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं असेल तर कोर्सवर्कच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळवण्यासाठी समान संधी केंद्राकडे परीक्षेच्या बरंच आधी जा.

तक्रार आणि तिच्या पुढचं

अर्ज देऊनही हालचाल नसेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (ऑम्बड्सपर्सन) अपील करता येतं. शिष्यवृत्ती रखडणं, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं, भेदभाव, हे सगळं या नियमांच्या कक्षेत येतं. महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात असलात तर कॉलेज आणि विद्यापीठ, दोन्हीकडच्या समित्यांची नावं संकेतस्थळावर पाहून ठेवा. आठवड्यातून एकदा कॅम्पसवर येणाऱ्या नोकरदार संशोधकांनी तर हे आवर्जून करावं, कारण नोटीस बोर्ड त्यांच्या नजरेला पडतच नाही.

माहिती अधिकार हे माझ्या मते शेवटचं, पण हमखास चालणारं साधन. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत: "माझ्या दि. … च्या, आवक क्र. … च्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मिळावी." उत्तराची मुदत ३० दिवस. आवक क्रमांक इथे कामाला येतो.

जिवावर बेतलं असेल तर

मित्र निरोपाची भाषा करत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, "आता सगळं संपलं" म्हणत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका. स्पष्ट विचारा, "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. गोळ्या, दोर, गच्चीची किल्ली अशा गोष्टी त्याच्यापासून दूर करा. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला तातडीची मदत. रेक्टरांना रात्री दोन वाजताही उठवा. "कुणाला सांगू नकोस" असं वचन त्याला दिलं असेल तर ते मोडा.

सबमिशनच्या आधी

प्रबंध सादर झाला की फेलोशिप थांबते, आणि ग्रंथालयाचं कार्ड, होस्टेल, आरोग्य केंद्राची सोयही बहुधा त्याच सुमारास संपते. मूल्यमापन आणि मौखिकी धरून सगळं सहा महिन्यांत उरकावं असं २०२२ चे नियम सांगतात, पण तो काळ बिनपगारी जातो. म्हणून ना-देय प्रमाणपत्र काढायच्या आधी थकलेल्या फेलोशिपचे अर्ज आवक करून टाका, दात आणि डोळे दाखवून घ्या. समुपदेशन चालू असेल तर पुढे बाहेर कोणाकडे जायचं ते चिठ्ठीवर लिहून घ्या. सहा महिने उलटूनही मौखिकीची तारीख लागली नाही तर परीक्षा विभागाला अर्ज करा. दोन प्रतींत.